सहावा आकडा

कार्बनकाकांचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला लागले की मला कुणी भाबडी समजणार नाही.

माझं दुकान जिन्याखाली. झेरॉक्सचं एक मशीन, बायंडिंगचं टेबल, आणि काउंटरवर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला फोन, जुना, तबकडी फिरवायचा. मागच्या खुर्चीत माझी आई बसलेली असायची. तिला ऐकू कमी यायचं म्हणून मी रिसिव्हरचा आवाज वाढवून घेतला होता, त्यामुळे पलीकडचा माणूस काय बोलतो ते अर्ध्या दुकानाला कळायचं. गिऱ्हाइकं कुरकुरायची. मी म्हणायची, गुपितं बोलायची असतील तर घरी जाऊन बोला.

वरच्या मजल्यावर सिनेमाच्या लेखकसाहेबांचं ऑफिस होतं. बाहेरच्या खोलीत साहेब येरझारा घालत डायलॉग बोलून बघायचे आणि स्वतःच हसायचे. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत काका टाइप करायचे. खाली माझं झेरॉक्स असूनही एका वेळी पाच प्रती, मध्ये चार कार्बन. तीस वर्षं हेच केल्यामुळे उजव्या हाताची तीन बोटं कायमची निळीकाळी झालेली. माझ्या काउंटरवर, फोनवर, चहाच्या कपावर, जिथे हात लावतील तिथे ठसे. मी फडकं घेऊन मागे मागे. "काका, चोरीबिरी करू नका हं, पहिल्या फटक्यात सापडाल," असं मी म्हटलं की ते हात पाठीमागे लपवायचे.

राग यायचा तो त्यांच्या एका नियमाचा. मशीनमध्ये घातलेलं पान पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही. पाच कागद आणि चार कार्बन, एकदा सोडून गेलं की सरकतात, मग खालच्या प्रतीवर ओळीवर ओळ चढते. हे त्यांचं म्हणणं. पण मी खाली बायंडिंगची सुई दोरा ओवून बसलेली, साहेबांचा माणूस स्क्रिप्ट न्यायला दारात उभा, आणि वरून फक्त टकटक टकटक. मी एकदा जिन्यातून ओरडले, "काका, दुकानाला आग लागलीय!" वरून उत्तर आलं, "आलो, एवढं पान होऊ दे!" आता सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं?

साहेब फक्त विनोदी सिनेमे लिहायचे, आणि त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे. गरिबाला लॉटरी लागते. कधी तो गरीब शिंपी असायचा, कधी शाळेचा शिपाई, कधी जुळे भाऊ. काकांनी असे एकोणीस सिनेमे टाइप केले होते.

"पोरी, हा सिनेमा मला डोळे मिटून टाइप करता येतो," ते म्हणायचे. "दहाव्या पानापर्यंत घरमालक ओरडतो. बाविसाव्या पानावर लॉटरी. तिसाव्यावर दूरचे मामा उगवतात, ज्यांनी आधी कधी तोंड दाखवलेलं नसतं. पन्नासाव्यावर घर भरलेलं, आंघोळीला रांग. पंचावन्नला तिकीट हरवतं. इंटरव्हल!"

"मग बकरी तिकीट खाते."

"बकरी दोनदाच झाली. एकदा तिकीट भिजलं, एकदा कोट भंगारवाल्याला गेला. काहीही होवो, ऐंशीव्या पानापर्यंत सगळे मिळून शोधतात, गाद्या फाडतात, एकमेकांच्या उरावर बसतात. मग कळतं, गेलं ते गेलं. एकेकजण बॅग भरतो. नव्वदाव्या पानावर नायक घरात एकटा. आणि पंचाण्णवाव्यावर दारावर टकटक."

"कोण येतं?"

"तीच. हिरॉईन. जिला पैसा नकोच असतो." त्यांनी हातातल्या गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. "पण खरा सिनेमा नव्वद ते पंचाण्णव असतो, पोरी. रिकाम्या घरात माणूस बसलाय, काही घडत नाही, कुणी येत नाही. साहेब ती पाच पानं दरवेळी कापून दीडवर आणतात. म्हणतात, लोक उठून बाहेर जातील."

तेव्हा मी एक वाक्य बोलून गेले. सहज, जीभ सैल म्हणून. "तुमचं बरंय काका, तुम्हाला कुणी सोडून जाईल ही भीतीच नाही. आधी कुणी यायला तर हवं!" ते हसले, स्क्रिप्टचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि वर गेले. मला त्या वाक्याची आजही लाज वाटते.

कारण मला माहीत होतं. वर्षातून एकदा, एका ठरावीक तारखेला, ते दुपारी खाली यायचे, हात फडक्याला पुसायचे (त्या दिवशी आपणहून) आणि फोन उचलायचे. दुसऱ्या शहराचा कोड फिरवायचे. मग चार. दोन. आठ. शून्य. सात. तबकडी प्रत्येक आकड्यानंतर कुरकुरत परत यायची. सातनंतर बोट तबकडीवरच थांबायचं, बराच वेळ, आणि मग रिसिव्हर खाली.

तिसऱ्या वर्षी मी म्हटलंच. "काका, एक आकडा कमी फिरवता तुम्ही. असा कसा लागेल फोन?"

"बहिणीचा नंबर आहे," ते म्हणाले. "आज वाढदिवस तिचा."

मग त्या दिवशी, उभ्याउभ्याच, त्यांनी सांगितलं. धाकटी बहीण, त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, हिला शाळेत सोडण्यापासून सगळं यांनी केलं. ती लग्न होऊन गेली, आई यांच्याकडे राहिली. आई आजारी पडली तेव्हा एका सिनेमाचा शेवट दुसऱ्या दिवशी शूटिंगला हवा होता. बहिणीचा वरच्या ऑफिसात फोन आला, दादा, निघू का मी? मशीनमध्ये पान अर्धं होतं. यांनी खांद्याला रिसिव्हर लावून, बोटं चालू ठेवून सांगितलं, "नको येऊस, बरी आहे ती." फोन ठेवला, पान पूर्ण केलं, त्यापुढची आठ पानंही केली. घरी गेले तेव्हा आईला बोलता येत नव्हतं. सकाळपर्यंत संपलं सगळं. बहीण पोचली ती सगळं आटोपल्यावर.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तुझ्या मशीनचा आवाज येत होता मला फोनमध्ये. मी ओळखायला हवं होतं." काकांनी पुसलेले हात पुन्हा पुसले. "त्यानंतर नाही बोलली. अकरा वर्षं झाली."

"मग सहावा आकडा फिरवा की! फार तर काय होईल, फोन आपटेल."

"तेच तर," ते म्हणाले. "आत्ता निदान आपटलेला नाही."

मी हात टेकले.

त्यांचं घर मी एकदाच पाहिलं. तापाने पडले होते म्हणून साहेबांनी मला स्क्रिप्ट घेऊन पाठवलं, दुरुस्त्या बघायला. आजारी माणसाकडे दुरुस्त्या! एक खोली, एक कॉट, एक खुर्ची. मी खुर्चीवर बसले तर त्यांना कॉटवरच बसावं लागलं. चहा मी केला. कप एकच होता, म्हणून मी पेल्यातून प्यायले. भिंतीवर आईचा फोटो, त्याच्या काचेवरही एक निळा ठसा. परत येताना मला उगाचच रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

तर विसावा सिनेमा. यात गरीब म्हणजे बँडमधला ढोलवाला. साहेब घाईत होते, निर्माता डोक्यावर बसलेला. हाताने लिहिलेल्या कागदांवर जिथे जिथे तिकिटाचा नंबर यायला हवा तिथे साहेबांनी नुसती टिंबं दिली होती. काकांनी विचारलं तर बाहेरून आवाज आला, "टाका हो काहीतरी सहा आकडी! कुणाला काय कळतंय!"

स्क्रिप्ट माझ्याकडे बायंडिंगला आली. पानं लावताना बाविसाव्या पानावर माझी नजर थांबली. ढोलवाला वर्तमानपत्र घेऊन नाचतोय आणि ओरडतोय: चार, दोन, आठ, शून्य, सात, तीन!

मी सुई खाली ठेवली. पहिले पाच आकडे मला पाठ होते. सहावा मी पहिल्यांदा बघत होते.

पुढची पानं चाळली. एकतीस वेळा होता तो नंबर. ढोलवाला झोपेत पुटपुटतो, मामा चष्मा लावून वाचतो, एक आख्खं गाणं त्या नंबरावर. मी तशीच तरातरा वर गेले.

"काका, हे काय केलंत?"

त्यांनी अर्थातच आधी पान पूर्ण केलं. मग म्हणाले, "अगं, टाका काहीतरी म्हणाले. बोटांना दुसरा नंबर येतच नाही."

"बदला आत्ताच्या आत्ता!"

"एकतीस जागा, पाच प्रती. दीडशेच्या वर खाडाखोडी, पोरी. माणूस खाली गाडी चालू ठेवून उभा आहे." हे खरं होतं. पण ते माझ्याकडे न बघता बोलत होते, तेव्हा तेवढंच खरं नसावं.

त्याच स्क्रिप्टवरून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांशी वाद घातला. मला वरून ऐकू येत होतं. काकांचं म्हणणं, पंचाण्णवाव्या पानावर या वेळी ढोलवाल्याची बहीण यावी. साहेब म्हणाले, "अहो, बहिणीवर तिकिटं विकली जात नाहीत!" हिरॉईनच आली. काकांनी टाइप केली.

सिनेमा लागला आणि धो धो चालला. काय होतं त्यात देव जाणे. गाणं तर असं उचललं लोकांनी की केळीवाला तोच नंबर ओरडत केळी विकायचा. मी आईला शेजारणीवर सोपवून काकांना दुपारच्या खेळाला घेऊन गेले. थिएटर भरलेलं. लोक पोट धरधरून हसत होते, आणि माझ्या शेजारी काका अंधारात पानं सांगत होते, "आता तीस... आता पन्नास..." नंबर आला की मात्र अंग चोरायचे. शेवटी ढोलवाला रिकाम्या घरात ढोलावर डोकं टेकून बसला. साहेबांनी या वेळी ते अर्ध्या मिनिटात उरकलं होतं. टकटक व्हायच्या आधीच काका उठले आणि लोकांच्या पायांवरून बाहेर गेले.

त्या वर्षी वाढदिवसाच्या तारखेला ते आले तेव्हा मी ठरवूनच बसले होते. "आज पूर्ण फिरवायचा," मी म्हटलं. "माझी शपथ. नाहीतर उद्यापासून तुमची स्क्रिप्टं दुसरीकडे न्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. चार. दोन. आठ. शून्य. सात. बोट थांबलं. मग तीन. छोटासा आकडा, तबकडी पटकन परत आली.

रिसिव्हरमधून बाईचा तो ठरावीक आवाज आख्ख्या दुकानात घुमला. हा क्रमांक आता अस्तित्वात नाही. काका ऐकत राहिले. तिने दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी मीच रिसिव्हर त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला.

"तिच्या सगळ्या गावाने फिरवला असेल," ते म्हणाले. "केळीवाल्यापासून सगळ्यांनी. मी सोडून."

काय झालं असणार ते मलाही तेव्हाच कळलं. सिनेमा बघून आलेला तिच्या शहरातला प्रत्येक टवाळ घरी जाऊन तो नंबर फिरवत असणार, आणि वैतागून तिने तो काढून टाकला असणार. पत्ता यांच्याकडे नव्हता, नंबर तोच ठेवून तिने घर बदलल्याचं फक्त कानावर आलं होतं. इतकी वर्षं जपलेला एकच धागा होता, तोही आपल्याच हाताने एकतीस वेळा टाइप करून तोडला.

त्यानंतर काका खाली येईनासे झाले. स्क्रिप्ट साहेबांचा माणूस आणून द्यायचा. काउंटर स्वच्छ राहायला लागला, ठसे नाहीत, फडकं कोरडं. मला ते बघवेना. दोन-तीनदा चहा घेऊन वर गेले तर "ठेव तिथे, एवढं पान होऊ दे" म्हणाले, आणि संध्याकाळी कप तसाच, वर साय धरलेली.

महिनाभराने, भर कामाच्या वेळी, वरची टकटक मध्येच थांबली. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची आणि पान संपल्यावर कागद ओढल्याचा आवाज यायचा, मला सवयीने कळायचं. या वेळी तसलं काही झालं नाही, नुसतीच थांबली. मी वर बघितलं. जिन्यात पावलं वाजली, भराभरा, त्या वयाला न शोभणारी.

काका माझ्यासमोर उभे, हातात एक पत्र. "वाच," म्हणाले.

पत्र लेखकसाहेबांच्या नावाने होतं, ऑफिसच्या पत्त्यावर. साहेबांनी वाचलं, हसले, "कुणीतरी चक्रम बाई दिसतेय, दोन ओळींची माफी टाइप करून पाठवा," म्हणाले आणि जेवायला गेले. निळ्या शाईत, शाळेतल्या मुलीसारखं गोल अक्षर.

"आपल्या सिनेमातल्या लॉटरीच्या तिकिटाला आपण माझ्या घरचा फोन नंबर दिलात. चार महिने आमच्याकडे कुणी धड जेवलेलं नाही. दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतं, लॉटरी लागली का? शेवटी नंबर बदलावा लागला. आपल्याकडे टाइप करणारे जे कोणी आहेत त्यांनाही हे दाखवावे. त्यांनी हा नंबर जितक्या वेळा टाइप केला, तितक्या वेळा फिरवला असता, तर तक्रार करण्याची वेळ आली नसती. नवा नंबर खाली देत आहे. तो कृपया कोणत्याही सिनेमात वापरू नये."

खाली सही, आणि सहीखाली सहा आकडे.

"काका!" मी ओरडले. आई दचकून जागी झाली. "अहो, तक्रार करणारी बाई कशाला देईल नवा नंबर?"

"तेच विचारतोय तुला," ते म्हणाले. "मी भलतंच तर वाचत नाहीये ना?"

मी फोन पुढे सरकवला. हात न पुसताच त्यांनी रिसिव्हर उचलला. या वेळी कोड आणि सहाच्या सहा आकडे एका दमात फिरवले, मध्ये थांबलेच नाहीत. पलीकडे वाजायला लागलं.

"हॅलो?" बाईचा आवाज. मग थोडा चिडून, "हॅलो, कोण बोलतंय?"

काकांनी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला.

"लॉटरीवाले असाल तर ठेवते."

"ठके," काका म्हणाले.

मला वाटलं, ठेवला तिने. पण मागे कुठेतरी नळ चालू असल्याचा आवाज येत होता, आणि मग तो बंद झाला.

"कसा आहेस?" तिने विचारलं. परक्याला विचारतात तसं.

मी काकांकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलेलं मला दिसलं. 'बरा आहे.' सगळ्यांना तेच सांगायचे, तापाने फणफणलेले असताना मलाही तेच सांगितलं होतं.

"बरा नाहीये मी," काका म्हणाले. "ये."

आईने मला खुणेने विचारलं, कोण? मी तिला हाताने गप्प केलं.

"दादा," पलीकडून आवाज आला, आणि आता तो परका नव्हता. "मशीनमध्ये पान आहे का?"

"आहे."

"किती झालंय?"

काकांनी वर, जिन्याकडे बघितलं. "अर्धं. तुझ्याच माफीचं आहे. दिलगीर शब्दातलं 'दिल' झालंय फक्त."

"आणि तसंच टाकून खाली आलास?"

"हो."

"कार्बन सरकतील."

"सरकू देत."

तिने नाक ओढलेलं स्पष्ट ऐकू आलं. आख्ख्या दुकानाला ऐकू आलं.

"मग येते," ती म्हणाली.